साडूभाऊंचं नामभांडार

परमेश्वराने जग निर्माण केलं हे खरं असेलही, पण त्या जगातला माल नीट लावून ठेवायचं काम मात्र आमच्या साडूभाऊंनीच केलं, आणि तेही परमेश्वराने न सांगता. डोंगर, भजी, सासऱ्यांचा दमा, पंगतीत बसलेली माणसं आणि पंगत उठायची वाट बघत भिंतीला टेकलेली माणसं, यांतली एकही गोष्ट अशी उरलेली नाही जी साडूभाऊंनी उचलून, उलटसुलट करून, इंग्रजी नामाच्या पाच प्रकारांपैकी एका खणात ठेवलेली नाही. माणसाला पत्त्यांचा नाद असतो, तंबाखूचा असतो, निवडणुकीला उभं राहण्याचा असतो. इंग्रजी व्याकरणातल्या नामाचा नाद लागलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबाने तो माझ्याच बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा निघाला.

साडूभाऊ भिलाईच्या प्लँटमध्ये स्टोअर खात्यात होते. कारकून म्हणून लागले आणि भांडारपाल म्हणून निवृत्त झाले. प्लँटचं स्टोअर म्हणजे एक गावच असतं. मुठीत मावणाऱ्या वायसरपासून क्रेनशिवाय न हलणाऱ्या गिअरपर्यंत प्रत्येक वस्तूला तिथे नाव असतं, वर्ग असतो आणि खण असतो. नाव नसलेली वस्तू स्टोअरात राहू शकत नाही, आणि खण नसलेली वस्तू तर जन्मालाच आलेली नसते. सगळी नोकरी या हवेत काढलेल्या माणसाला एक दिवस कुठल्याशा शाळकरी पुस्तकात नामाचे पाच प्रकार सापडले. प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल आणि अॅबस्ट्रॅक्ट. म्हणजे एकाच कोणाचं खास नाव, त्या जातीतल्या कोणालाही चालणारं नाव, घोळक्याचं नाव, ज्यापासून वस्तू घडतात त्या मालाचं नाव, आणि जे हातात धरता येत नाही त्याचं नाव. पाच प्रकार, पाच रॅक. इंग्रजी भाषा आपल्याच खात्यातल्या कोणीतरी रचली असली पाहिजे, याबद्दल साडूभाऊंच्या मनात त्या दिवसापासून शंका उरली नाही.

तेव्हा ते सेक्टर 10 मध्ये क्वार्टरात राहत. त्या घरात गेलं की पाणी प्यायला भीती वाटायची, कारण तांब्याच्या गळ्यात तारेने बांधलेला अॅल्युमिनियमचा बिल्ला असे आणि त्यावर ठोकलेलं असे, ‘कॉमन’. आतल्या पाण्याला बिल्ला बांधता येत नाही याचं त्यांना दुःख होतं, म्हणून माठावर त्यांनी खडूने ‘मटेरियल’ लिहून ठेवलं होतं. चपलांच्या फळीवर ‘कलेक्टिव्ह’ लिहिलं होतं. मी एकदा विचारलं, चप्पल तर कॉमन ना? तर म्हणाले, “एक चप्पल कॉमन. एवढ्या सगळ्या म्हणजे मोर्चा.” माझी मोठी मेहुणी, जिला मी ताई म्हणतो, त्या फळीकडे हात दाखवून म्हणाली होती, “माह्या कपाळाले अजून बिल्ला नाई ठोकला जी, तेवढीच मेहरबानी.” बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे तर जाहीर शिक्षा. मी मिरचीचा भाव पाडत असायचो, भाव पडायच्या बेतात असायचा, भाजीवाली बाई नरमलेली असायची, आणि तेवढ्यात साडूभाऊ मिरची हातात धरून त्या बाईला विचारायचे, “ये तो कॉमन हुआ. लेकिन इसका तीखापन क्या हुआ, बताओ?” ती छत्तीसगढी बाई एकदा म्हणाली, “खा के देख ले ना साहेब, पता चल जाही.” साडूभाऊंनी खाल्ली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या असताना त्यांनी बोट वर करून सांगितलं, “अॅबस्ट्रॅक्ट!” त्या गडबडीत माझा पाडलेला भाव पुन्हा वर चढला तो चढलाच.

पण माझं त्यांच्याशी खरं वाकडं आहे ते वेगळ्या कारणाने. माझे वडील दुर्ग लाइनवर रेल्वेत खलाशी होते. मी दहावीनंतर सायकलला पिशव्या अडकवून दारोदार नळाच्या तोट्या विकल्या, आणि आज वैशाली नगरात टाइल्स, नळ आणि बेसिनचं माझं दुकान आहे. कंपनीचा माणूस माझ्याकडे भाव सांगायला येतो आणि भाव ऐकून जातो. हे सगळं मी कोणाच्या उपकारावर केलेलं नाही. दुकानाच्या उद्घाटनाला मी नारळ हातात घेऊन उभा होतो, व्यापारी मंडळी जमली होती, आणि साडूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून ओळख करून दिली, “हे आमचे साडूभाऊ. मटेरियल नाउन.” कोणीतरी अर्थ विचारला. साडूभाऊंनी खुशीत सांगितला. लोखंड, सिमेंट, चिनीमाती, जेच्यापासून दुसऱ्या वस्तू बनतात ते. मंडळी हसली. मी नारळ असा आपटला की त्याचं एक भकल समोरच्या नालीत जाऊन पडलं. “राग कावून आला?” ते मला म्हणतात, “मटेरियलशिवाय प्लँट चालते का?” त्या दिवसापासून बाकीच्या नातेवाइकांना मी माल घरच्या भावात देतो, साडूभाऊंना छापील भावात. त्यांनी कधी घासाघीस केली नाही. ते छापील भाव देऊन, पितळेचा नळ उन्हात धरून, कौतुकाने बघत घरी जातात. अशा माणसावर राग काढायचा तरी कसा?

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं आणि ते स्मृति नगरात स्वतःच्या घरात आले. गाडी नसलेल्या गाडीशेडमध्ये सतरंजी पडली आणि संध्याकाळी गल्लीतली पोरं इंग्रजी शिकायला बसू लागली. फी नाही. क्वार्टरच्या व्हरांड्यातही हेच चाललेलं असे. वर्षानुवर्षं पोरं यायची, मोठी व्हायची, जायची, पण त्यांतलं एकही पोर नामाच्या पुढे गेल्याचं कोणी ऐकलेलं नाही. सर्वनाम यायच्या आत मिसरूड फुटायचं. याबद्दल त्यांचा सिद्धांत पक्का होता. “क्रियापद म्हणजे फिटर,” ते सांगत. “स्टोअरात माल असला की फिटर आपोआप येते. अन् मालच नसला तर फिटर बिडी पेत बसते. आधी माल भरा.”

आता हा सिद्धांत माझ्या घरात शिरला तो असा. माझी मुलगी रेणू बारावीला बसली. जीवशास्त्रात उत्तम, रसायनात ठीक, आणि इंग्रजीत नापास. तिला नर्स व्हायचं होतं. नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागण्यासारखा होता, पण इंग्रजी पास असल्याशिवाय ते अर्ज पुढे सरकवत नव्हते. पूरक परीक्षा दीड महिन्यावर होती. त्यात राहिली तर वर्ष गेलं, आणि माझ्या आईने तर मुलगा बघायला सुरुवातही केली होती. मी रेणूला भारी कोचिंगमध्ये घातलं. तिथले सर छापील निबंध पाठ करून घेत. पाठ केलेला निबंध दुसऱ्या दिवशी म्हणायची वेळ आली की पोरीच्या घशातून आवाजच निघत नसे. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की ती साप दिसल्यासारखी आकसायची. शेवटी बायको म्हणाली, “ऐकून राहिले का जी? भाऊजीकडे पाठवा तिले.” मी म्हटलं, वर्ष बुडालं तरी चालेल. बायको म्हणाली, “वर्ष तुमचं नाई बुडून राहिलं.” मग मी गेलो.

पण मी काय नुसताच जाणारा माणूस नाही. ठरवून, हिशेबाने गेलो. साडूभाऊ बनियनवर बसून जुने बिल्ले चिंचेने घासत होते.

“साडूभाऊ, नामाले किती दिवस लागतीन?”

“पक्कं होईपर्यंत.”

“आठवडाभरात उरकवा. मंग क्रियापद, मंग पत्र, मंग निबंध.”

“माल गोदामात आला नाई, अन् तुमी बिल फाडून राहिले, शेटजी.” रागात नसले की ते मला शेटजी म्हणतात, आणि मला त्याचाच राग येतो.

“बरं, पाच प्रकार कशाले? पेपरात काय पाचही येऊन राहिले? तीन करा. मटेरियल अन् कलेक्टिव्ह सोडून द्या.”

“मटेरियल तुमीच सोडून राहिले?” त्यांनी बिल्ल्यावरून नजर उचलली.

“चार करा मंग.”

“पाच.”

“साडेचार.”

“साडेचार कसे होतीन जी?”

“कलेक्टिव्ह अर्धाच शिकवा.”

त्यांनी यावर खरोखर विचार केला. अर्धा जमाव कसा दिसेल हे डोळ्यांसमोर आणून पाहिलं बहुतेक. मग म्हणाले, “नाई जमत.” जो माणूस पैसे घेत नाही त्याच्याशी भाव करायचा म्हणजे भिंतीशी कुस्ती, पकडायला काही मिळतच नाही. शेवटचा डाव म्हणून मी उठलो. धंद्यात हा डाव कधी चुकत नाही. गिऱ्हाईक उठून निघालं की मागून हाक येतेच. मी अंगण ओलांडलं, फाटक उघडलं, आणि हाक आली.

“फाटक लावून जा जी, गाय शिरते!”

दुसऱ्या दिवसापासून रेणू जाऊ लागली, आणि लगेच तक्रारी येऊ लागल्या. तक्रारी म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांकडून बातम्या. तुमची मुलगी एका म्हाताऱ्याच्या मोपेडवर मागे बसून काहीतरी ओरडत चालली होती. तुमची मुलगी प्लँटच्या गेटवर पाळी सुटताना उभी होती आणि सायकलींच्या लोंढ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी म्हणत होती. दुर्ग स्टेशनच्या पुलावर तर एका हमालाने त्या दोघांना रस्ता चुकलेले समजून चौकशी खिडकीपर्यंत नेऊन सोडलं. मी घरी विचारलं, काय शिकली? रेणू म्हणाली, “नाउन.” आठवड्याने विचारलं, नाउन. पंधरा दिवसांनी विचारलं, तीच गोष्ट, फक्त आता ती सांगताना हसत होती. परीक्षा जवळ येत होती आणि पोरगी हसत होती. बापाचं डोकं फिरायला आणखी काय लागतं?

एका संध्याकाळी दुकान पोऱ्यांवर टाकून मी तडक स्मृति नगर गाठलं. शेडमध्ये वर्ग भरला होता. साडूभाऊंच्या हातात माझ्याच दुकानातला, छापील भावातला नळ.

“नळ?”

“कॉमन!” पोरं ओरडली.

“पितळ?”

“मटेरियल!”

रेणू मागे भिंतीला टेकून गाइड वाचत होती. मी चपला न काढताच सतरंजीवर चढलो.

“साडूभाऊ, पोरीनं पेपरात काय लिवायचं? नळ, पितळ, गर्दी, भीती, अन् खाली सही?”

“शेटजी, आवाज कमी करा. शिकवणी चालू हाये.”

“कायची शिकवणी? आजपर्यंत एक तरी पोट्टं क्रियापदापर्यंत पोचलं का तुमच्याकडून? फिटर येते म्हणे! कोठी हाये तो फिटर? तुमाले स्वतःले तरी येते का बे क्रियापद?”

‘बे’ हा शब्द मी मोठ्या साडूला वापरायला नको होता असं बायकोचं म्हणणं आहे. असेल. तोंडातून गेला. एक पोरगा खुदकन हसला. साडूभाऊंनी नळ सतरंजीवर ठेवला. हात लुंगीला पुसले.

“नाई येत जी,” ते म्हणाले.

मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता.

“सगळी नोकरी इंग्रजीत केली मी. पण आमच्या इथं कामच नाई पडलं. मालाचं नाव, वर्ग, नग, रॅक नंबर. खाली सही. साहेब यायचा, म्हणायचा, ‘बेअरिंग?’ मी म्हणायचो, ‘रॅक थ्री.’ झालं इंग्रजी. एक आखं वाक्य नाई लिवलं कधी. तेवढं येते, तेवढं शिकवतो.”

मी आयुष्यभर समोरच्याला खाली आणण्याचाच धंदा केला आहे. समोरचा असा एका बोलात, काही हातचं न राखता तळाला आला की पुढे काय बोलायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. तेवढ्यात मागून रेणू उठली.

“बाबा, बस करो ना! मले मालूम होतं.”

“काय मालूम होतं?”

“मावसाजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं मला. म्हणे, पोरी, नामं माह्याकडून घे. बाकीचं तू गाइडमधून वाच अन् मले शिकव. मी सकाळी वाचते, अन् दुपारी मोपेडवर तेयले शिकवते. जोरात बोलावं लागते, हवेत ऐकू नाई येत तेयले. बाबा, मला आता भीती नाही वाटत. ते माझ्याहून जास्त चुकतात.”

घरातून ताई पदराला हात पुसत बाहेर आली होती. ती मला म्हणाली, “काल माह्याशी इंग्रजीत बोलले. इतकी वर्षं नुसतं ‘टी’ म्हणायचे. काल म्हणे, ‘आय वॉन्ट टी.’ लगीन झाल्यापासून पहिल्यांदा कोणाले काय पायजे ते धड कळलं.”

मी चपला घातलेल्याच होत्या, त्यामुळे निघायला वेळ लागला नाही.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि मी एका ठेकेदाराशी बाथरूमच्या टाइल्सवर तासभर हुज्जत घालत होतो. साडूभाऊ मोपेड लावून आत आले. काउंटरसमोर, गिऱ्हाइकांच्या मधोमध, स्टोअरात मोठ्या साहेबासमोर उभं राहावं तसे हात बाजूला धरून उभे राहिले, एक खोल श्वास घेतला आणि म्हणाले, “रेणू... हॅज... पास्ड.” ठेकेदार माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, “मालूम हाये.” मला मालूम नव्हतं. मग मी त्या ठेकेदाराला त्याने मागितलेला भाव देऊन टाकला, आणि आजही तो बाजारात सांगत फिरतो की त्याने मला नमवलं.

रेणू नागपूरला गेली. इकडे साडूभाऊंचा वर्ग मोडला. पोरांनी घरी जाऊन सांगितलं असणार की सरांना नामाच्या पुढचं येत नाही. आयांनी पोरं उचलून कोचिंगला घातली. एकेक करून सतरंजी रिकामी झाली. हे माझ्यामुळे झालं असं बायको तोंडाने म्हणत नाही, पण माझ्या ताटात भाजी वाढताना म्हणते. माझं म्हणणं आहे की जे होतं ते कधीतरी होणारच होतं. तरीही दुकान बंद करून घरी जाताना मी अलीकडे स्मृति नगरवरून जातो. त्यांच्या मोरीतल्या नळाचं वायसर सारखं झिजतं, ते बघावं लागतं. मी नळ बघतो, मग दोघं सतरंजीवर बसतो. ते माझ्या प्रत्येक अवजाराचा प्रकार सांगतात. मी ऐकून घेतो, कारण दुसरं कोणी ऐकायला नसतं.

आणि माझी खरी तक्रार अजून सांगायचीच राहिली. रेणू संध्याकाळी फोन करते तो त्यांना. आईला नंतर, मला सगळ्यांत शेवटी. वॉर्डात दिवसभरात नवीन दिसलेल्या वस्तूंची नावं ती त्यांना सांगते आणि ते जागच्या जागी प्रकार लावतात. सलाइनची बाटली, सुईतलं औषध, नातेवाइकांचा घोळका, डॉक्टरांची मिजास. पैसे भरतो मी, आणि प्रकार लावतो हा माणूस.

परवा मी तिथेच बसलो होतो तेव्हा फोन आला. साडूभाऊंना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा लावतात.

“मावसाजी,” रेणूचा आवाज बारीक होता, “आज आमच्या वॉर्डातल्या आजी गेल्या. सकाळी मीच वेणी घालून दिली होती त्यांना.”

साडूभाऊंचं तोंड उघडलं. ते उघडण्याची तऱ्हा मला चांगली ठाऊक आहे. पाठोपाठ एक बोट वर जातं आणि प्रकार येतो. मी दात आवळले. या वेळी प्रकार आला असता तर मी पुन्हा ‘बे’ म्हणालो असतो. पण बोट वर गेलं नाही. तोंड मिटलं.

“जेवली का तू, पोरी?” ते म्हणाले.

“नाही. मन नाही लागून राहिलं.”

“ताट घे. फोन बंद नको करू. आमी हावोत इथं. तुये बाबाही हायेत.”

बराच वेळ फोनमधून मेसचा गोंगाट येत राहिला. मग ताट ठेवल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा, मध्येच नाक ओढल्याचा. ताई दिवा लावायला बाहेर आली, तिला साडूभाऊंनी हातानेच थांबवलं.

“भाजी कोणती हाये?” त्यांनी हळूच विचारलं.

“दोडक्याची.”

“बरं,” साडूभाऊ म्हणाले.

दोडका इतक्या स्वस्तात सुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला. निघायचं म्हणून खिशातून काढलेली गाडीची किल्ली मी परत खिशात टाकली आणि त्यांच्या बाजूला जरा सरकून बसलो, पोरीचा आवाज नीट यावा म्हणून.